संक्रांत म्हणजे सुगीचा सण? जानेवारीत निफाडच्या शेतात येऊन बघा

निफाडकर
परवा गोदाकाठ यांनी लिहिलं की संक्रांत हा देशाचा सुगीचा सण, बळीराजाच्या घरी धान्याच्या राशी लागतात म्हणून तिळगूळ वाटायचा, आणि शहरवाल्यांनी त्याची नुसती पतंगबाजी केली. कुठल्या राशी? आमची बाजरी, मका, सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे निघून विकूनही होतं. गहू नोव्हेंबरात पेरलेला, काढणी मार्चमध्ये. उन्हाळ कांद्याची तर लागवड चालू असते, बाया दिवसभर वाफ्यात वाकलेल्या. द्राक्षं नुकती उतरायला लागलेली, आणि पारा पाचाखाली गेला की मण्यांना तडे जातात म्हणून आम्ही रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून बसतो. पोंगल हा तमिळनाडूतल्या नव्या भाताचा सण, तिथं तो शोभतो. ते उचलून आमच्या माथी मारू नका. आमची संक्रांत सूर्याची. शेतकऱ्याचा सण म्हणाल तर पोळा.

गोदाकाठ
दादा, मग भोगीची भाजी कुठून येते? ओला हरभरा, पावटा, घेवडा, गाजर, वांगी, सगळं याच दिवसांतलं. सुगडात बोरं, ऊस, हरभरा घालतो ते काय उगाच? पोत्यात धान्य भरलं तरच सुगी, असं कुणी ठरवलं? लासलगावला लाल कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागते, ती पिकाची नाही तर कशाची?

निफाडकर
लाल कांद्याचं नाव काढू नका. डिसेंबर २०२३ मध्ये ऐन आवकेत निर्यातबंदी लादली, ती उठली मे २०२४ मध्ये. त्या संक्रांतीला माझ्या घरात तिळगूळ झाला नाही, बायकोला करावासाच वाटला नाही. आणि तुम्ही सुगी म्हणता.

पंचांगप्रेमी
सूर्याचा सण म्हणणंही अर्धंच बरोबर. दिवस मोठा व्हायला लागतो २१-२२ डिसेंबरनंतर. मकर संक्रमण, म्हणजे सूर्याचं मकर राशीत जाणं, अयनचलनामुळे (पृथ्वीचा अक्ष हळूहळू फिरतो त्यामुळे) साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतं. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३चा, त्या दिवशी संक्रांत होती. आता १४ किंवा १५. ज्या ऋतूशी तुम्ही सण बांधताय, त्याच्यापासून तो हळूहळू सुटतोच आहे.

सिडकोतली आई
सुगी आणि सूर्य नंतर बघा, आधी मांजाचं बोला. माझा मुलगा कामावरून दुचाकीवर येत होता. उड्डाणपुलावर गळ्याला नायलॉनचा मांजा लागला. हेल्मेटचा पट्टा मध्ये आला म्हणून आज तो आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये या मांजावर देशभर बंदी घातली, तरी पोरांच्या हातात तोच. कसला सण?

येवलेकर
ताई, ऐकून वाईट वाटलं. पण दोष नायलॉनचा, पतंगाचा नाही. आमच्याकडं भोगी, संक्रांत आणि कर असे तिन्ही दिवस अख्खं गाव गच्चीवर असतं. आसारी म्हणजे आमची दोऱ्याची फिरकी, सुती दोरा, वाजवायला हलकडी. पैठणी विणणारे हातही त्या दिवशी मागावर नसतात. हे आमच्या आज्या-पणज्यांपासूनचं आहे.

सिडकोतली आई
सुती दोऱ्यालाही काच लावताच ना? नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात याच महिन्यात बाहेरचे पक्षी उतरतात. पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलेलं राज्यातलं पहिलं ठिकाण, आपल्या नाशिक जिल्ह्यातलं. झाडांवर लोंबणारा मांजा संक्रांत संपली म्हणून संपत नाही. नायलॉन तर कुजतही नाही.

येवलेकर
दरवर्षी डिसेंबर लागला की आम्ही गुन्हेगार! विकणारे गोण्या भरून आणतात त्यांना कुणी विचारत नाही, आणि आसारी धरणाऱ्याला सगळे बोलतात.

सिडकोतली आई
ओरडू नका. टाके माझ्या पोराच्या गळ्याला पडलेत. आणि गोण्या येतात हे तुम्हाला माहीत आहे, तर पोलिसांना का सांगत नाही?

येवलेकर
गल्लीतल्या गल्लीत वैर कोण घेणार? पण बरं, तुम्ही म्हणता तर यंदा सांगतो. आमच्या गच्चीवर नायलॉन चढू देणार नाही, हा शब्द. पतंग मात्र सोडणार नाही, त्यावर वाद घालू नका.

गोदाकाठ
मूळ मुद्दा बाजूलाच राहिला.

निफाडकर
राहिला नाही. भोगीची भाजी शेतातली हे मी कधी नाकारलं? चार भाज्या शेतातून आल्या म्हणून घरात राशी लागत नाहीत, एवढंच म्हणणं. शेतकरी तेव्हा सगळ्यात जास्त धास्तीत असतो. तुमच्या लिखाणात तो हसत उभा आहे.

गोदाकाठ
धास्तीचं मान्य. सुगीचं नाही. आमच्या सोसायटीत हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे लुटतात, यंदा हरभऱ्याचे डहाळे वाण म्हणून द्यायचं चाललंय. तुमच्याकडे मिळतील का?

निफाडकर
मिळतील. भाव मी सांगेन तो. आणि त्या राशींचं वाक्य आधी काढा.