मदत हवी आहे: खाडीतला कोल्हा सोसायटीत येतोय, केस झडलेत, काय करावं?

नमस्कार मंडळी, ऐरोलीत राहतो, कंपाउंडच्या मागे नाला आणि नाल्यापलीकडे लगेच तिवरं. कोल्हे आम्हाला नवीन नाहीत, रात्री ॲम्ब्युलन्सचा भोंगा वाजला की तिकडून कोल्हेकुई सुरू होते, मग आमची कुत्री भुंकतात, सगळ्यांना सवय झालीये.

पण सध्या एक कोल्हा चांगला उजेड असताना मागच्या तुटक्या जाळीतून आत येतो. शेपटी उंदरासारखी झालीये, मांड्यांवर केस नाहीत, कातडी जाड आणि राखाडी, दोन पावलं चालला की बसून कान खाजवत बसतो. फेस वगैरे नाही, चाल सरळ, माणूस दिसला की पळतो. कुत्र्यांसाठी कोणीतरी कचऱ्याच्या डब्याशी चिकन-भात ठेवतं तो खातो आणि जातो.

ग्रुपवर मात्र "पिसाळलाय" म्हणून गोंधळ, 2024 ची चेंबूरच्या कोल्ह्यांना रेबीज झाल्याची बातमी परत फिरतेय. सेक्रेटरी म्हणतात पिंजरा आणू आणि येऊरच्या जंगलात सोडून देऊ. मला वाटतंय खरूज आहे. भातात कुत्र्यांचं खरजेचं औषध मिसळलं तर चालेल का?

तिवरवाला: औषध अजिबात नको. तो भात कोण खाईल सांगता येत नाही, मांजर खाईल, कुत्र्याचं पिल्लू खाईल, डोस कसा ठरवणार? वर्णनावरून खरूजच वाटतेय, बारीक किड्यांमुळे होते आणि एकाच ठिकाणी कुत्री-कोल्हे जेवले की एकमेकांना लागते. म्हणजे आधी तो भात बंद करा, भांडण झालं तरी चालेल.

पिंजऱ्याचं तर नावच काढू नका. वन्यजीव कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर कोल्हा शेड्युल 1 मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, परवानगीशिवाय पकडलात तर गुन्हा तुमच्यावर. शिवाय कोल्ह्यांची जोडी आपला इलाखा धरून राहते, आधीच्या विणीतलं एखादं पिल्लू मागे राहून नवीन पिल्लं सांभाळायला मदत करतं. एकाला उचललंत तर मागे पिल्लं उपाशी आणि जागा रिकामी दिसली की दुसरा येतोच. वनखात्याच्या 1926 ला फोन करा, व्हिडिओ काढून ठेवा, कान आणि शेपटी नीट दिसू दे.

रेबीजचं म्हणाल तर नुसतं बघून खात्री होत नाही, म्हणून जवळ कोणी जायचं नाही. चावला किंवा ओरखडलं तर साबण लावून नळाखाली 15 मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी इंजेक्शन, हळद-चुना नको. सोसायटीतल्या कुत्र्यांना लस दिलीये का ते आधी विचारा, खरा धोका तिथे जास्त आहे.

दिवाकोळी: उजेडात दिसला म्हणजे पिसाळला असं नसतं हो. उधाणाची भरती आली की तिवरांत पाणी चढतं, चिंबोऱ्या (खेकडे), निवट्या (चिखलातले मासे) काही हाती लागत नाही, मग काठावर येतात. आमच्याकडे अमावस्या-पुनवेला हमखास दिसतात.

धागाकर्ता: धन्यवाद, 1926 ला लावतो. भात ठेवणाऱ्या काकूंना कोण सांगणार हा वेगळा धागा होईल. अजून एक, जाळी लगेच बुजवावी का? आतल्या बाजूला पडक्या पंपरूममध्ये बीळ असेल तर पिल्लं अडकायची, ते आधी कसं बघायचं?