संगीत मानापमान सिनेमा: लेकीला आधी पदं ऐकवू की कोरीच नेऊ?

पायपेटीवाली (सांगली)

१० जानेवारी २०२५ला सुबोध भावेचा 'संगीत मानापमान' येतोय, खाडिलकरांच्या जुन्या संगीत नाटकावरचा. दिवाळीत येणार होता, पुढे ढकलला, आणि तेवढ्या अवधीत आमच्या घरात दोन पक्ष पडले.

एका पक्षात आई. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे बोंबलतात, पण पदं पाठ. नुसती पदं नव्हेत, पदाआधीचं गद्य वाक्यसुद्धा. ती म्हणते, "सिनेमात वन्समोअर कुणाला द्यायचा? पडद्याला?" दुसऱ्या पक्षात लेक. पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. फोनमध्ये 'सूर निरागस हो' आहे, 'वंदन हो' आल्या दिवशी ऐकून झालं, शंकर महादेवन, राहुल देशपांडे आणि महेश काळे एकाच गाण्यात म्हणून खूश. पण खाडिलकर कोण हे विचारलं तर "आपल्या सांगलीचे ना कुणीतरी?" एवढंच. मानापमान म्हणजे तिच्या लेखी लग्नात आत्याला हलकी साडी गेली की होतो तो.

मधे मी. हौशी संस्थेत पायपेटी वाजवते, नोकरी सांभाळून. राज्य स्पर्धेसाठी मानापमान बसवलं तेव्हा नायिका भामिनीची पट्टी काळी चार आणि नायक धैर्यधराची काळी एक. प्रवेशात दोघं समोरासमोर आली की मधल्या दोन वाक्यांत पुढच्याचा सूर हळूच धरून द्यायचा, तोही कुणाला कळू न देता. सिनेमाला ही कटकट नाही. त्यांना सगळं सोपं आहे, आणि तीच माझी भीती आहे.

'नाही मी बोलत नाथा' घ्या. बाई म्हणते मी बोलत नाही, आणि मग दहा मिनिटं गात राहते! न बोलण्याचे किती प्रकार असतात ते एकेका ओळीवर परत परत येऊन दाखवते. गंमत त्या लांबण्यातच आहे. तीन मिनिटांत नऊवारी, कारंजी आणि मागे पंचवीस नर्तकी असं झालं तर ती खरंच बोलली नाही आणि विषय संपला.

शिवाय सुमीत राघवनच्या पात्राचं नाव चंद्रविलास. मूळ नाटकात या नावाचं कुणी नाही. मग आमच्या भित्र्या, दागिन्यांनी मढलेल्या लक्ष्मीधराचं काय केलंय? आमच्याकडे धैर्यधरापेक्षा त्याला जास्त टाळ्या पडायच्या.

तर प्रश्न: लेक सुट्टीला येईल तेव्हा तिला जुनी पदं ऐकवून, गोष्ट सांगून मग सिनेमाला न्यावं, की काहीच न सांगता? आधी ऐकवलं तर ती तुलना करत बसेल. नाही ऐकवलं तर पडद्यावरचं तेच मूळ समजेल. आई म्हणते ऐकवच. आईवर निर्णय सोडला तर नांदीपासून सुरुवात होईल आणि पोरगी हॉस्टेलला पळून जाईल.

---

रंकाळा_कट्टा

ताई, आधी ऐकवा. पण पदं नंतर, आधी गोष्ट सांगा. ८ जुलै १९२१, मुंबई, बालीवाला थिएटर. गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श, दोन नाटक कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक. टिळक स्वराज्य फंडासाठी दोघींनी मिळून संयुक्त मानापमान केलं. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर आमचे केशवराव भोसले. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. वय तिशीच्या जरा पुढे. पोरांना गाणं समजो न समजो, ही जुगलबंदी लगेच समजते.

आम्हा कोल्हापूरकरांना यंदा या नाटकाचं नाव निघालं तरी कसंतरी होतं. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, दुसऱ्या दिवशी त्यांची जयंती होती. सिनेमा कसा का असेना, मी जाणार. धैर्यधराचं नाव मोठ्या पडद्यावर येतंय, बास.

---

कोमल_निषाद

धागा छान, पण 'मूळ' या शब्दाला जरा थांबवतो.

मानापमानच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. तोवर आपली नाट्यपदं किर्लोस्करी वळणाची होती, साकी, दिंडी वगैरे वृत्तांतली. टेंब्यांनी पूरब अंगाच्या, म्हणजे उत्तरेतल्या बनारसकडच्या, ठुमऱ्या आणि कजऱ्या उचलून मराठी रंगभूमीवर आणल्या. चाली आधी, शब्द मागून. खाडिलकर त्या चालींत शब्द बसवत होते. म्हणून तर काही पदांचा अन्वय लावताना आपली दमछाक होते. खाडिलकर काही कच्चे गद्यलेखक नव्हेत. 'केसरी'त टिळकांबरोबर काम केलेला माणूस, 'कीचकवध' असं लिहिलं की सरकारने १९१० साली बंदी घातली. पण ठुमरीच्या मापात मराठी कोंबायचं म्हटल्यावर शब्द वाकडे होणारच.

म्हणजे १९११च्या मार्चमध्ये पहिला प्रयोग पाहणाऱ्या एखाद्या जुन्या रसिकाला हे सगळं उत्तरेकडचं फॅशनेबल संगीतच वाटलं असणार. पुढे दीनानाथ मंगेशकरांनी आपल्या बलवंत मंडळीत धैर्यधर केला आणि पदं स्वतःच्या गळ्याची करून टाकली. आज 'रवि मी' म्हटलं की आपल्या कानात दीनानाथ वाजतात. बालगंधर्वांची भामिनी आणि दीनानाथांचा धैर्यधर, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं गाणं आपण डोक्यात जोडून घेतलंय आणि त्याला 'मूळ' म्हणतोय. शंकर-एहसान-लॉयनी नवी चाल दिली म्हणून मी तरी रडणार नाही. 'कट्यार काळजात घुसली' सिनेमात त्यांनी अभिषेकीबुवांच्या पदांशेजारी 'यार इलाही'सारखी कव्वाली ठेवली, ती उपरी वाटली नाही.

तुमच्या नाथाबद्दल मात्र शंभर टक्के सहमत. चाल बदला, वाद्यमेळ बदला, पण पद लांबतं का याचं कारण कळू द्या. 'कट्यार'ला ते सोपं गेलं, कारण तिथली माणसं गवईच आहेत. गवई गातो यात कुणाला नवल नाही. भामिनी श्रीमंताघरची मुलगी आहे, तिने गावं का? रंगमंचावर हा प्रश्न पडत नाही, नांदी झाली की करार झाला. कॅमेऱ्यापुढे पडतो. दिग्दर्शकाची खरी परीक्षा तिथे आहे, सेट किती मोठा यात नाही.

लेकीचं म्हणाल तर कोरी न्या. तुलना करायला आपण आहोतच.

---

एडिसन_न्यूजर्सी

इथे कधी लागणार कुणी सांगेल का? 'कट्यार' आम्ही मंडळाच्या ओळखीने एका रविवारी दुपारी पाहिला होता, समोसे आणि नाट्यगीतं. यावेळी रात्रीचा शो हवा.

---

मंगेशीचो_भुरगो

रेकॉर्ड ऐकवूच नका. माझं मत थोडं आडवं आहे, ऐकून घ्या.

रेकॉर्ड म्हणजे तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी. पद लांबतं म्हणून तुम्ही हळहळता आहात, ते तबकडीवर आधीच कापलेलं आहे. सिनेमाने कापलं म्हणून राग आणि दीनानाथांच्या तबकडीला नमस्कार, हे कसं? आमच्या गोव्यात अजून देवळापुढच्या मांडवात संगीत नाटक होतं. रात्री उशिरा सुरू, पहाटेपर्यंत. धैर्यधर करणारा दिवसा बँकेत असतो नाहीतर टॅक्सी चालवतो. पदाला दाद मिळाली की तो पुन्हा घेतो, आणि गावातली म्हातारी पुढच्या रांगेतून ओरडून सांगते, मघाची ती तान परत घे. मी लहानपणी मांडवात झोपलो, उठलो, तरी तेच पद चालू. लेकीला हे दाखवायला हवं, गोव्याला घेऊन या जत्रेच्या दिवसांत. नाहीतर तुमच्या संस्थेची तालीम दाखवा, तुम्ही पायपेटीवर असताना. प्रवेश सुरुवातीपासून, गद्यासकट.

मग सिनेमा आधी पाहिला काय, नंतर पाहिला काय. तो वेगळाच खेळ आहे. सुबोध भावेला 'बालगंधर्व' सिनेमापासून हा काळ डोक्यात भिनलेला आहे, वरवरचं करणार नाही असं वाटतं. त्यात आनंद भाटेंचं गाणं होतं, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'कट्यार'ला महेश काळेंना मिळाला. नाट्यपदं गायली की दिल्लीवाले ऐकतात हे एक बरं आहे.

---

पायपेटीवाली

कोमल_निषाद, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. टेंब्यांच्या ठुमऱ्यांपर्यंत मान डोलावत होती, 'नवी चाल दिली म्हणून रडणार नाही'ला चष्मा काढला. तुम्ही सांगलीला आलात तर आमच्या घरी येऊ नका, एवढंच सांगते.

पण "तिने गावं का?" हा प्रश्न मला आवडला. मी तर उलटा विचार करत होते, की ती किती वेळ गाते. वैदेही परशुरामीला ते 'का' चेहऱ्यावर आणावं लागणार, आवाज दुसरीचा असताना. अवघड आहे. आमची भामिनी निदान स्वतः गायची, श्वास कुठे घ्यायचा ते तिचं तिला ठाऊक.

मांडवाची सूचना मनावर घेतली आहे. तूर्त असं ठरलं: लेक आली की तालमीला आणायची. नाथाचा प्रवेश गद्यासकट करून दाखवायचा, भामिनी तयार आहे, धैर्यधराला लग्नसराई आहे पण बघतो म्हणाला. गोष्टीचा शेवट सांगायचा नाही. तबकड्या आई ऐकवेलच, तिला थांबवणारी मी कोण. सिनेमाला तिघी एकत्र. आईने अट घातली आहे की ती शेजारी गुणगुणली तर कुणी 'शू' करायचं नाही.

लक्ष्मीधराबद्दल कुणीच बोललं नाही! त्याचं खरंच कुणाला काही माहीत असेल तर टाका.

---

रंकाळा_कट्टा

लक्ष्मीधर ट्रेलरमधून समजायचा नाही, दहा तारखेलाच कळंल. आणि ताई, पहिल्या आठवड्यातच जावा. मराठी सिनेमाला दुसऱ्या आठवड्यात सकाळी सव्वानऊचा एकच शो उरतोय, त्या वेळेला तुमच्या आईंचे गुडघे उठायचे न्हाईत.