मदत हवी आहे: ऑनलाइन गेलो की २० मिनिटांत खल्लास!

गनिमी_बावळा:
डोकं आउट झालंय. कॉम्प्युटरला आरामात हरवतो, पण ऑनलाइन खेळायला गेलो की २० मिनिटांच्या आत धुव्वा. परवा माझे ८ घोडेस्वार तयार होईतो समोरच्याचे ३० दारात हजर. नकाशा तोच, सुरुवातीचं सामान तेवढंच. मुरलेले लोक नेमकं काय वेगळं करतात? की चीटिंग असते? "सराव करा" सांगू नका, ४ महिने तेच करतोय.

प्यादे:
बुद्धिबळ खेळा. पाया पक्का होतो.

खडूस_काका:
ताकाला जाऊन भांडं कशाला लपवताय? गेम कुठला ते सांगा आधी.

गनिमी_बावळा:
एज ऑफ एम्पायर्स २, अजून कुठला! गाव वसवून फौज उभारायची, तोच. डेफिनिटिव्ह एडिशन. माउस बदलू का? त्यांचे हात फार जलद चालतात.

उंदीरमामा:
माउस बदलाच. मी १२ बटणांचा घेतला, आयुष्य बदललं.

खडूस_काका:
उंदीरमामा, तुमचं रेटिंग किती ते पण सांगा की!
धागाकर्ते, १०व्या मिनिटाला व्हिलेजर (कामं करणारे गावकरी) किती असतात?

गनिमी_बावळा:
मोजले नाहीत. पुरेसे असतात.

खडूस_काका:
इथेच घोडं पेंड खातंय. एक व्हिलेजर २५ सेकंदांत तयार होतो. म्हणजे १० मिनिटांत २४, सुरुवातीचे ३ धरून २७. फ्यूडलला (पुढच्या युगात) जाताना टाउन सेंटर, म्हणजे व्हिलेजर बनतात ती मुख्य इमारत, १३० सेकंद अडकतं, ते वजा केलं तरी २१-२२ हवेत. रीप्ले (झालेल्या डावाचं रेकॉर्डिंग) लावून मोजा. समोरचा लढाईत भारी नसतो हो, त्याचं टाउन सेंटर रिकामं बसत नाही, बस्स.

निवांत_नारायण:
सोपा उपाय: एकदम १० व्हिलेजर रांगेत लावा आणि विसरून जा.

खडूस_काका:
अजिबात नको! रांगेत लावताक्षणी पैसे कापले जातात. ५० अन्नाचा एक, १० म्हणजे ५०० अडकले. फ्यूडलला नेमके ५०० च लागतात. रांगेत दोनच ठेवा आणि पुन्हा पुन्हा बघा.

निवांत_नारायण:
मी असाच खेळतो आणि जिंकतोही. मित्रांसोबत.

प्यादे:
बुद्धिबळात रांग नसते.

दूरदर्शी:
ग्राफिक्स कमीवर ठेवा, लॅग जातो.

गनिमी_बावळा:
लॅगचा विषयच नाहीये!!

सायली_तिरंदाज:
मी पण वर्षभर असाच मार खाल्लाय. माझी खोड वेगळी होती. लढाई सुरू झाली की नजर तिथेच खिळायची, तिकडे गावात १२०० लाकूड पडून आणि घरं नाहीत म्हणून उत्पादन बंद. २५ लाकडात ५ माणसांची सोय होते आणि मी ते विसरायचे! आता भांडण चालू असतानाच गावावर उडी मारते, व्हिलेजर लावते, परत येते. दोन-चार घोडे मरतात, मरू देत.
आणि स्काउट (टेहळणीचा घोडेस्वार) पाठवता का? समोरचा घोडे काढतोय हे आधी कळलं तर भालेवाले स्वस्तात पडतात. ३५ अन्न, २५ लाकूड, सोनं शून्य.

गनिमी_बावळा:
स्काउट मेंढ्या शोधून झाल्या की उभाच असतो. 😐

खडूस_काका:
बघा! चीटिंग म्हणे.

गनिमी_बावळा:
रीप्ले पाहिला. १०व्या मिनिटाला १४. त्यातले २ झाडामागे नुसते उभे. एकाला डुकराने मारलं, ते तेव्हा कळलंच नव्हतं. टाउन सेंटर पावणेतीन मिनिटं रिकामं.
डुक्कर कसं आणायचं?

सायली_तिरंदाज:
बाण लागला की मागे न बघता टाउन सेंटरकडे पळवा. बाकीचे तिथे तयार ठेवा.

निवांत_नारायण:
मी डुकराच्या वाटेलाच जात नाही.

खडूस_काका:
३४० अन्न सोडता?? नवीन धागा काढा तुम्ही.