आयुर्विमा कंपनीत सेल्सची मुलाखत आहे, काय विचारतात?

मिरजकर: बी.कॉम. झालंय, आत्तापर्यंत मोबाइलच्या दुकानात काउंटर सांभाळला. सोमवारी एका खासगी आयुर्विमा कंपनीत 'सेल्स मॅनेजर'साठी बोलावलंय. फोनवरच्या मॅडम म्हणाल्या, "ओळखीच्या शंभर जणांची यादी आणा." हे काय प्रकरण?

चहाबाज: यादी म्हणजे तुमचे काका-मामा! आधी विचारा, पगार की नुसतं कमिशन? आयसी-३८ द्यायला लावली तर समजा, ती एजंटची परीक्षा.

शाखेतला माणूस: मी मुलाखती घेतो. माझा ठरलेला प्रश्न: "गिऱ्हाईक म्हणालं, एफडीच बरी, तर?" लगेच परताव्याचे आकडे फेकणारा गेला. घरात कमावतं कोण, कर्ज किती, हे आधी विचारणाऱ्याला मी घेतो. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, हे गिऱ्हाइकाला आपणहून सांगणार का, तेही बघतो. आणि पर्सिस्टन्सी वाचून जा, म्हणजे पुढच्या वर्षीचा हप्ता किती जण भरतात ते. बहुतेक पोरं इथंच गार होतात.

मिरजकर: पगार आहे म्हणे, पण दरमहा नवे एजंट जोडायचे.

शाखेतला माणूस: मग टार्गेट ऑफर लेटरवर लिहून घ्या. तोंडी काही धरू नका.