मिरर लेन्सला रिंग की क्लोज-अप लेन्स?
५०० मिमीच्या मिरर लेन्सने (आत आरसे असलेली टेलिफोटो लेन्स) जवळचे किडे मोठे टिपायचे तर तिला २५ मिमीची एक्स्टेन्शन रिंग (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ कडी) लावा, असं कुणीतरी सुचवलंय. चालतं, पण अपेक्षा बेताचीच ठेवा. सेन्सरवरच्या प्रतिमेत पडणारी वाढ म्हणजे रिंगची जाडी भागिले फोकल लेंग्थ (इथे ५०० मिमी), म्हणजे वस्तूच्या आकाराच्या जेमतेम ०.०५ पट. शिवाय इन्फिनिटी, म्हणजे खूप दूरचा फोकस, जाते. ढोबळमानाने साडेदहा मीटरपलीकडचं काही फोकसच होत नाही. नाशिकजवळच्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात गवतावरचा चतुर टिपताना मागे रोहित (फ्लेमिंगो) उतरले, की बसा रिंग काढत!

त्यापेक्षा पुढे +१ डायॉप्टर ताकदीची क्लोज-अप लेन्स (लेन्सच्या तोंडावर फिल्टरसारखं बसणारं भिंग) लावा. मूळ लेन्स इन्फिनिटीवर असतानाच फोकस एक मीटरवर येतो आणि सेन्सरवर प्रतिमा वस्तूच्या जवळपास निम्मी. कडा थोड्या मऊ पडतात, पण चतुराला कडा कशाला हव्यात? टॅमरॉनची जुनी ५०० मिमी एफ/८ मिरर लेन्स मिळाली तर यातलं काहीच नको, ती मुळातच १.७ मीटरपर्यंत येते.