तळ्यावरचे हंस उडेनासे झाले आहेत

प्रश्न: न्यू जर्सीत आमच्या घराजवळच्या बागेतील तळ्यावर कॅनडा गूज जातीच्या हंसांची जोडी चार पिल्लांसह राहते. जूनच्या अखेरीपासून दोघेही उडताना दिसलेले नाहीत, काठावर पिसांचा सडा पडलेला असतो आणि त्यांतील एकाच्या डाव्या पायात मासेमारीचा तंगूस रुतल्यामुळे तो लंगडतो. काय करावे? मुले पाव घालतात, ते चालेल का?

प्रतिसाद १: उडण्याची काळजी नसावी. ऐन उन्हाळ्यात त्यांची उड्डाणाची सगळी पिसे एकदमच गळतात आणि नवी येईपर्यंत, म्हणजे सुमारे महिनाभर, ते पाण्याच्या आसऱ्यानेच राहतात. या दिवसांत तिथे कोणी कुत्रा मोकळा सोडत असेल, तर तसे न करण्याची त्याला अवश्य विनंती करावी.

प्रतिसाद २: पाव कृपया थांबवा, त्याने पोट भरते, पोषण होत नाही. कोवळे गवत त्यांना पुरेसे आहे. तंगुसाचे वाचून मात्र जीव कळवळला. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याचे त्यांना संरक्षण असल्याने स्वतः पकडू नका, परवानाधारक वन्यजीव पुनर्वसकाला (जखमी वन्य प्राण्यांवर उपचार करून त्यांना परत सोडणाऱ्याला) कळवा, आणि तेही नवी पिसे फुटण्याआधी, कारण एकदा उडू लागला की तो हाती लागणे कठीण.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आजच फोन करते.