मोरबाथचा हिशोब

आठव्या हेन्री राजाला घटस्फोट हवा होता म्हणून सोळाव्या शतकात इंग्रजांनी निमूटपणे धर्म बदलला, म्हणजे कॅथलिक पंथ सोडून प्रोटेस्टंट पंथ धरला, हे मत मला पटत नाही. इमॉन डफी या इतिहासकाराचं 'द व्हॉइसेस ऑफ मोरबाथ' जरूर वाचा. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातलं जेमतेम 33 घरांचं हे गाव. तिथले पाद्री ख्रिस्तोफर ट्रिकी 1520 ते 1574 एकाच चर्चमध्ये राहिले. चर्चचा हिशोब ते स्वतः लिहीत आणि गावाला मोठ्याने वाचून दाखवत. संतांच्या नावाने मेंढ्या राखल्या जात, लोकरीच्या पैशातून दिवाबत्ती चाले. मृतांच्या प्रार्थनेसाठी काळी वस्त्रं हवीत म्हणून या माणसाने जवळजवळ वीस वर्षं पैसे साठवले. ती 1547 मध्ये आली, आणि त्याच वर्षी हेन्रीचा प्रोटेस्टंट मुलगा एडवर्ड गादीवर बसून असल्या प्रार्थनाच बंद व्हायला लागल्या! हे वाचताना माझा तर जीव तुटला.

आणि निमूटपणा? 1549 मध्ये नव्या प्रोटेस्टंट प्रार्थनापुस्तकाविरुद्ध झालेल्या बंडात याच गावाने आपली पाच तरणी पोरं बंडखोरांनी एक्झिटर शहराला घातलेल्या वेढ्यावर धाडली, तीही चर्चच्या खर्चाने. पुढे कॅथलिक राणी मेरीच्या काळात लोकांनी घरोघरी लपवलेल्या चर्चच्या वस्तू परत आणून दिल्या.